वळणाचा पत्रा

वर्तमानपत्राचं ते कात्रण मी अजून ठेवलं आहे. प्रेमाने नाही, रागाने. कपाट आवरताना ते हाती लागतं, मी पुन्हा वाचते आणि नव्याने संतापते. अर्ध्या पानाचा रंगीत फोटो आहे. फिकट पिस्ता रंगाची जुनी गाडी, बॉनेटवर हात ठेवून उभे असलेले पांढऱ्या केसांचे काका, अंगात खादीचा कुर्ता, चेहऱ्यावर समाधान. निवृत्तीनंतर एका जिद्दी नागपूरकराने गंजलेल्या गाडीत प्राण फुंकले, असा काहीसा मथळा. त्यांची बायको, म्हणजे आमच्या मॅडम, त्याही त्या फोटोत आहेत. डाव्या कडेला, अर्ध्या कापलेल्या, हातात चहाचा ट्रे.

त्या गाडीचा इंच न् इंच पत्रा मॅडमनी ठोकला होता. पाच वर्षांत काकांनी हातोडी उचलली असेल, तर ती बाजूला ठेवून खुर्ची टाकायला. आणि मी त्या घरात राहिले त्या तीन वर्षांत मॅडमच्या हातात चहाचा ट्रे फक्त त्या एका दिवशी पाहिला. तोच दिवस नेमका छापून आला.

मी धंतोलीतल्या एका खाजगी दवाखान्यात नर्स आहे. गाव नरखेड तालुक्यात. दवाखान्याच्या होस्टेलवर कंटाळले आणि खोली शोधत मानेवाड्याकडे त्यांच्या घरी गेले. फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला टिनाच्या छपराखाली गॅरेज होतं. त्यात चाकं काढलेली, विटांवर चढवलेली एक गाडी. आमच्या लहानपणी सरकारी साहेब ज्या गोल, गुबगुबीत गाडीतून गावात यायचे, तीच, पण तिच्याही आधीचं मॉडेल. रंग नव्हताच. तपकिरी गंज, काही ठिकाणी चाळणीसारखी भोकं. गाडीखालून कॅनव्हासचे बूट घातलेले दोन पाय बाहेर आलेले.

मी त्या पायांना विचारलं, "काका आहेत का घरी?"

"काका चहा करून राहिले," खालून बाईचा आवाज आला. "काय पाहिजे?"

"खोली बघायची होती. त्यांनाच विचारते."

"त्यांले काय विचारून राहिली? घर माझ्या नावावर हाय."

चाकं लावलेल्या फळीवरून घरंगळत त्या बाहेर आल्या. साठीची, बुटकी, दणकट बाई. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, वरून नवऱ्याचा ऑफिसचा जुना शर्ट, डोक्याला टॉवेल, कपाळावर गॉगल. माझ्याकडे न बघता त्या थेट माझ्या स्कूटीपाशी गेल्या. शर्टाच्या खिशातून रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं आणि समोरच्या मडगार्डवर टेकवलं. चुंबक चिकटलं नाही, खाली पडलं.

"ॲक्सिडेंटची गाडी घेतली तू," त्या म्हणाल्या. "इथं पत्रा नाही, नुसती लांबी भरली हाय."

लांबी म्हणजे गॅरेजवाले खड्डा बुजवायला भरतात ती पेस्ट. वाळली की घासायची, वरून रंग मारायचा, गाडी नव्यासारखी. मॅडमचा जगात कशावर राग असेल तर तो लांबीवर. मी सेकंडहँड घेतलेली स्कूटी ॲक्सिडेंटची होती, हे मला त्या दिवशी कळलं. तरी वरची खोली घेतली. सवयीने त्यांना काकू म्हणाले, तर म्हणाल्या, "काकू म्हणजे तुह्या काकाची बायको. मी कोठून झाली तुही काकू? मॅडम म्हण. बत्तीस वर्षं पोट्टे मले मॅडमच म्हणत आले."

त्या सरकारी आयटीआयमध्ये पत्राकाम शिकवायच्या. त्या स्वतः शिकायला गेल्या तेव्हा वर्गात मुलगी म्हणून त्या एकट्याच होत्या. वडील मिलमध्ये कामाला होते. पोरीच्या हातात कसब असावं, असं त्यांनीच ठरवलं होतं. पुढे ॲप्रेंटिस म्हणून एका कारखान्यात गेल्या, तर तिथल्या फोरमनने सहा महिने त्यांना कापलेला पत्रा पुसायला बसवलं. हातोडी मुलीच्या हातून पायावर पडेल म्हणे. हे सांगताना मॅडमचा आवाज आणखी चढायचा. तसाही तो मोठाच असायचा, कारण आयुष्यभराच्या ठोकाठोकीने त्यांचा डावा कान गेला होता. त्यांची साधी चौकशीही गल्लीभर ऐकू जायची.

गाडीच का, असं मी एकदा विचारलं. निवृत्तीनंतर लोक देवदर्शनाला जातात, सोनं घेतात, नातवंडांत रमतात. मॅडमनी एका भंगारवाल्याच्या वाड्यात पडलेला तो सांगाडा उचलून आणला होता.

"पोट्ट्यांले काय शिकवलं मी?" त्या म्हणाल्या. "डबा, नरसाळं, सुपडं, पेटी. सगळं सरळ. सिलॅबसमध्ये तेवढंच होतं. बत्तीस वर्षं सरळ पत्रा वाकवला मी. हे पाय." त्यांनी माझा हात धरून गाडीच्या मागच्या मडगार्डवर फिरवला. तो भाग वरून गोल होता, बाजूने गोल होता, आणि दोन्ही गोलाई एकमेकींत कुठे मिसळतात ते बोटांनाही कळत नव्हतं. "हा वळणाचा पत्रा. हा मले करून पाहाचा होता. मराच्या आधी."

तो त्या कसा करत, ते मी सुट्टीच्या दिवशी पायरीवर बसून पाहिलं आहे. वाळूने भरलेली कातड्याची पिशवी, तिच्यावर सपाट पत्रा आणि लाकडी हातोडी. ठोका जोराचा नसायचा. एकाच लयीत, एकेक इंच सरकत, तासन् तास. पत्रा हळूहळू खोलगट व्हायचा, मग त्या तो उलटा करून गाडीवर लावून बघायच्या, मान हलवायच्या आणि पुन्हा ठोकायला बसायच्या. मागच्या मडगार्डचा एक तुकडा त्यांनी सात वेळा केला. सहा तुकडे भिंतीला टेकवून ठेवले होते. मला सगळे सारखेच दिसायचे.

गंजाबद्दल त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. गंज दिसतो तिथं नसतो, त्याच्या वीतभर पुढं असतो. म्हणून भोकाएवढं ठिगळ लावायचं नाही. भोकाच्या चारही बाजूंनी वीतभर चांगला वाटणारा पत्राही कापून टाकायचा. हे वाक्य त्या कूलरलाही लावायच्या. उन्हाळा आला की गल्लीतले लोक गळक्या टाक्यांचे कूलर घेऊन यायचे, मॅडम ते फुकट जोडून द्यायच्या आणि देताना शिव्या घालायच्या. "डांबर काहून फासलं? आतून सडते, वरून डांबर फासता. लाज नाही वाटत?" माणूस निमूटपणे ऐकून कूलर घेऊन जायचा. एकदा बीपी दाखवायला आमच्या दवाखान्यात आल्या, तर पार्किंगमध्ये आमच्या मोठ्या डॉक्टरांच्या गाडीला त्यांनी चुंबक लावलं आणि डॉक्टर उतरत असतानाच सांगितलं, "साहेब, तुमचं उजवं दार खोटं हाय." डॉक्टर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी हळूच विचारलं, त्या बाईंना आणखी काय काय कळतं.

आणि काका? काका वाईट नव्हते, हे मला लिहावंच लागेल. तीच तर अडचण आहे. वाईट माणसावर राग सोपा असतो. काका सिंचन खात्याच्या ऑफिसातून निवृत्त झाले होते. गोरे, उंच, गोड बोलणारे. सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळात सगळ्यांचे लाडके. बायकोने घरात भंगार आणलं, दिवसभर दणदणाट मांडला, तरी त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. तर्री-पोहे असे करायचे की मी ड्युटीवरून आले की वास घेत खाली यायचे. दर दीड तासाने चहा घेऊन गॅरेजमध्ये यायचे, खुर्ची टाकून बसायचे, मॅडम बोलतील ते ऐकायचे. मॅडमचे खांदे भरून आले की मलम चोळून द्यायचे. अशा नवऱ्याचं कौतुक करायला बायका आमच्या फाटकाशी थांबत. मीही करायचे.

पण एक खूण तेव्हाच दिसली होती, आणि मी ती पाहून सोडून दिली. त्या गाडीला डिकीचं झाकण मिळत नव्हतं. मला आठवलं, आमच्या मामाच्या संत्र्याच्या बागेत हौदावर एक तसंच झाकण वर्षानुवर्षं पडलेलं होतं. आम्ही तिघं एसटीने गेलो. मॅडमनी झाकणावरचा चिखल पाण्याने धुतला, कडेकडेने अंगठा दाबत गेल्या आणि म्हणाल्या, चालते. मामा मात्र सगळा वेळ काकांशी बोलत होता.

"कसं काय जमवता साहेब हे? मिस्त्री लावला का स्वतःच करता?"

"चाललं आहे हळूहळू," काका हसून म्हणाले.

मॅडम तेव्हा हौदापलीकडे होत्या. मी जवळच होते. वाटलं, काका थट्टा करत असतील. परतीच्या एसटीत काकांना खिडकीची जागा मिळाली. मॅडम काटोलपर्यंत ते झाकण उभं धरून मधल्या वाटेत उभ्या राहिल्या. कंडक्टरच्याही हातात देईनात, वाकेल म्हणून.

पाचव्या वर्षी, हिवाळ्यात, गाडी पुरी झाली. इंजिन मॅडमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने बसवून दिलं. इंजिनाचं मॅडमना विशेष काही नव्हतं. रंग मात्र त्यांनी स्वतः मारला, मूळ कंपनीचा फिकट पिस्ता, डिकीच्या आत कुठेतरी शाबूत राहिलेल्या टिकलीएवढ्या रंगावरून जुळवलेला. जुन्या गाड्यांचं एक प्रदर्शन शहरात भरणार होतं, त्यात ती ठेवायची असं ठरलं.

त्याच्या तीन आठवडे आधी, एका रविवारी दुपारी, वार्ताहर आला. सोबत फोटोग्राफर. काकांच्या फिरण्याच्या मंडळातल्या कुणीतरी त्यांना पत्ता दिला होता. काका आंघोळ करून कुर्ता घालून व्हरांड्यात बसले होते. मॅडम गाडीच्या पलीकडच्या दाराला रबर बसवत होत्या, नेहमीच्या अवतारात. मी मागच्या दिव्याची काच पुसत होते.

वार्ताहराने काकांना नमस्कार केला, गाडीभोवती एक चक्कर मारली, आणि वाटेत आलेल्या मॅडमना म्हणाला, "मावशी, जरा चहा मिळेल का?"

मॅडमनी काकांकडे पाहिलं. मी त्या दोघांच्या मध्ये उभी होते, मी दोन्ही चेहरे पाहिले. काकांनी मॅडमकडे पाहिलं नाही. ते वार्ताहराला खुर्ची देत होते.

मॅडमनी हातातलं रबर खाली ठेवलं आणि आत गेल्या.

"काका, ही गाडी तुम्ही स्वतः केली?" वार्ताहराने विचारलं.

"घरीच केली सगळी," काका म्हणाले. "पाच वर्षं लागली."

"कुठे शिकलात हे?"

"बघत बघत माणूस शिकतो." घरी वऱ्हाडी बोलणारे काका वार्ताहरापुढे एकदम पुस्तकासारखे बोलायला लागले होते. "कसं आहे, गंज दिसतो तिथे नसतो. तो त्याच्या वीतभर पुढे असतो."

माझ्या हातात ती काच तशीच राहिली. पुढची दहा मिनिटं ते मॅडमची वाक्यं मॅडमच्याच क्रमाने बोलत होते. लांबीबद्दल, वाळूच्या पिशवीबद्दल, वळणाच्या पत्र्याबद्दल. दर दीड तासाला चहा देताना ऐकलेलं सगळं त्यांना पाठ होतं. हे खोटं आहे, असं मी म्हणाले नाही. आधी वाटलं, नवरा-बायकोच्या मध्ये आपण कशाला पडा. मग वाटलं, मॅडम येतील आणि स्वतःच बोलतील, त्या कुणाला सोडत नाहीत. मॅडम ट्रे घेऊन आल्या, उंबऱ्याशी थांबल्या. उजवा कान चांगला होता त्यांचा. सगळं ऐकलं. फोटोग्राफर म्हणाला, मावशी तुम्हीही या फोटोत, आणि त्याने बटण दाबलं.

ते लोक गेल्यावर मी विचारलं, "मॅडम, तुम्ही बोलला का नाही?"

"मले पाहाचं होतं, हा माणूस कोठपर्यंत जाते ते."

"मग?"

"लय दूर गेला," त्या म्हणाल्या, आणि राहिलेलं रबर बसवायला घेतलं.

बातमीत मॅडमसाठी एक ओळ होती: पत्नीची मोलाची साथ लाभली. बातमी आली त्या दिवशी त्यांच्या जुन्या प्राचार्यांचा फोनवर निरोप आला, मिस्टरांना आमचं अभिनंदन सांगा. बत्तीस वर्षं ज्यांच्या हाताखाली शिकवलं, त्यांनी. मॅडमनी तो निरोप मला वाचायला दिला आणि फोन परत घेऊन शर्टाच्या खिशात टाकला.

तरीही त्यांनी कदाचित ते गिळलं असतं. पण पुढच्या शनिवारी फिरण्याच्या मंडळाने काकांचा सत्कार केला आणि काका शाल-श्रीफळ घेऊन घरी आले. मी जिन्यात होते. खालचं सगळं ऐकू येत होतं.

"हे काय आणलं जी?"

"सत्कार केला त्यांनी. मी नाहीच म्हणत होतो."

"नाही म्हणाचं कारण काय सांगितलं?"

"कारण कशाचं? चारचौघांत बरं नाही दिसत वं, सारखं नाही नाही करणं."

"म्हणजे नाही सांगितलं."

"अवं, घरातलंच आहे ना सगळं. तुझं काय अन् माझं काय?"

"असं का? मंग बत्तीस वर्षं माह्या मस्टरवर तुम्हीच सह्या कराच्या होत्या," मॅडम म्हणाल्या. "घरातलंच होतं."

काकांनी नारळ टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "मले वाटलं, एवढी वर्षं मी इथं बसलो, माझंही काही असेल त्यात." हे ते खरं बोलत होते असं मला आजही वाटतं, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. बसण्याचं श्रेय बसल्याएवढं घ्यावं. त्यांनी पत्र्याचं घेतलं.

आमच्या दवाखान्यात पेशंट बरा होऊन घरी जाताना नातेवाईक डॉक्टरांच्या पाया पडतात आणि आम्हाला पेढ्याचा डबा ठेवायला देतात. मला त्याची सवय झाली आहे. मॅडमना तशी सवय करून घ्यायची नव्हती. मला त्यांचं पहिल्यांदा खरं कौतुक वाटलं ते तिथे.

दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून आले तर गॅरेजमध्ये रंग काढायच्या केमिकलचा उग्र वास भरला होता. पिस्ता रंग बॉनेटवर फोड आल्यासारखा फुगला होता आणि मॅडम पत्री, म्हणजे लोखंडी पातं, घेऊन तो खरवडत होत्या.

"मॅडम, काय करताय? दोन आठवड्यांवर प्रदर्शन आलं."

"रंग काढून राहिली. गाडी नाही काढून राहिली."

"पण का?"

"रंगाखाली कोणाचा हात हाय ते दिसत नाही. कोणीही बाजूले उभं राहून फोटो काढते."

मला ते वेडेपण वाटलं आणि मी तसं म्हणाले. त्यांनी मला हातमोजे दिले. अकरा दिवस आम्ही दोघींनी तो रंग काढला. माझी ड्युटी सुटली की मी यायचे. त्या सकाळपासून लागलेल्या असायच्या. रंगाखालून प्रायमर, प्रायमरखालून उघडा पत्रा वर यायला लागला, आणि मी ती गाडी पहिल्यांदा पाहिली. पांढुरका जुना पत्रा, त्यात जोडलेले नवे चकचकीत तुकडे, जोडांच्या कडेने वेल्डिंगच्या आचेने उमटलेला निळा-जांभळा रंग, कोपऱ्यांत पितळी रॉडच्या सोनेरी रेघा. मडगार्डवर हातोडीचे हजारो बारीक ठसे. लांबी कुठेही नव्हती. चमचाभरही नाही.

चौथ्या दिवशी काका पत्री घेऊन आले आणि गुपचूप मागच्या बाजूला उभे राहिले. मॅडमनी मान वर केली नाही. "हात नका लावू," त्या म्हणाल्या. "उद्या म्हणाल, आम्ही काढला." काका तसेच परत गेले. चहा ते नेमाने करत होते. मॅडम तो घेत नव्हत्या. स्वतः आत जायच्या, आपल्यापुरता चहा मांडायच्या, उभ्याने पिऊन यायच्या. मी ते घर सोडलं तोवर तरी त्या घरात चहा दोन वेळा, दोन भांड्यांत होत होता. बाकी संसार होता तसा चालला. कुणी कुणाला सोडून गेलं नाही.

प्रदर्शनाच्या सकाळी मॅडमनी उघड्या पत्र्यावर तेलाचं फडकं फिरवलं आणि गाडी बाहेर काढली. मी त्यांच्या शेजारी बसले. काका काही न विचारता मागच्या सीटवर येऊन बसले. त्यांना कुणी ये म्हटलं नाही, उतर म्हटलं नाही. सिव्हिल लाईन्सपर्यंत सिग्नलवरचे लोक गाडीकडे वळून बघत होते. उन्हात तो ठिगळांचा पत्रा डोळ्यांवर येत होता.

मैदानाच्या फाटकाशी बिल्ला लावलेल्या आयोजकाने हात केला. त्याने गाडी पाहिली आणि तोंड वाकडं केलं. मग मागच्या सीटवरच्या काकांकडे त्याचं लक्ष गेलं.

"अरे सर, पेपर में आप ही थे ना? कलर कहाँ गया?"

मॅडमनी गाडीचे कागद पुढे केले. मालक म्हणून त्यांचं नाव होतं. त्याने कागद हातात घेतले, पण बघत राहिला काकांकडेच. काका गाडीतून उतरले. आजूबाजूला गाडीवाले, त्यांच्या बायका, पासेस घेऊन आलेली माणसं, असे तीस-चाळीस लोक होते.

"गाडी यांची आहे," काका म्हणाले. "काम सगळं यांनीच केलं. मी एक ठोका मारला नाही. पेपरात खोटं आलं, आणि ते मी येऊ दिलं."

मला वाटलं, संपलं आता. झालं ते निस्तरलं. आयोजकाने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, मग मोठ्याने हसून त्यांच्या खांद्यावर हात टाकला आणि मागे वळून म्हणाला, "देखिए, इसको बोलते हैं बड़ा दिल. पाँच साल मेहनत की और सारा क्रेडिट मॅडम को दे रहे हैं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक बाई आपल्या नवऱ्याला म्हणाली, शिका काहीतरी.

"अहो, नाही, खरंच यांनी," काका म्हणत राहिले, आणि ते जेवढं म्हणत होते तेवढ्या टाळ्या वाढत होत्या. ते शेवटी फाटकाच्या कट्ट्यावर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत त्या दिवशी राग नव्हता.

"आता समजलं?" त्या म्हणाल्या.

काकांनी मान डोलावली.

मी मात्र त्या आयोजकावर ओरडले. तोंडाला येईल ते बोलले. तो म्हणाला, बिना रंगाची गाडी नियमात बसत नाही, रांगेत लावता येणार नाही, पाहिजे तर पब्लिक पार्किंगमध्ये लावा. मॅडमनी त्याच्या हातातले कागद काढून घेतले, गाडी वळवली आणि पब्लिक पार्किंगमध्ये स्कूटरींच्या रांगेशेजारी लावली. चारही दारं उघडली, बॉनेट वर केलं, डिकी उघडली. मग पदराने तोंड पुसून उभ्या राहिल्या. मी त्यांना म्हटलं, घरी जाऊ. त्या नाही म्हणाल्या.

तासभर कुणी आलं नाही. आत बँड वाजत होता, माईकवरून मालकांची नावं पुकारली जात होती. मग आतून एक म्हातारा आला. अंगात मिस्त्रीची निळी डांगरी, नखांत काळं. आतल्या कुठल्यातरी चकचकीत गाडीचा तो मिस्त्री होता. मालक फोटो काढून घेत होते म्हणून तो विडी प्यायला बाहेर आला होता. गाडीपाशी आल्यावर त्याने विडी पेटवली नाही. मागच्या मडगार्डपाशी उकिडवा बसला आणि जोडावरून अंगठा फिरवत गेला.

"ये किसने किया?"

"मैंने," मॅडम म्हणाल्या.

त्याने वर पाहिलं. काकांकडे नाही, माझ्याकडे नाही. मॅडमच्या हातांकडे. मग पुन्हा अंगठा फिरवायला लागला. त्याने दुसऱ्यांदा विचारलं नाही. रॉड कोणता वापरला ते विचारलं, वाळूची पिशवी कितीची होती ते विचारलं. त्याला शोधत आणखी दोन मिस्त्री बाहेर आले, मग चौघं. सगळे आतल्या गाड्या केलेले, आणि आत कुणीही त्यांचं नाव पुकारत नव्हतं. ते गाडीच्या चहूबाजूंनी बसले, वाकले, एकाने तर खाली पडून तळाचा पत्रा पाहिला. मॅडम त्यांच्यामागून फिरत होत्या, मोठमोठ्याने सांगत होत्या.

म्हाताऱ्याचा अंगठा मडगार्डच्या वरच्या कडेला थांबला. त्याने तिथे दोनदा बोट फिरवलं आणि मान तिरकी करून उन्हात पाहिलं.

"बाई, इधर पत्रा थोड़ा खिंच गया."

पाच वर्षांत त्या बाईंना कुणी त्यांची चूक दाखवली नव्हती. मॅडम पुढे आल्या, वाकल्या, त्याच्या बोटाच्या शेजारी आपलं बोट ठेवलं.

"हाँ," त्या म्हणाल्या. "वेल्डिंग के बाद गीला कपड़ा लगाने में देर की मैंने. पत्रा गरम रह गया."

"रंग में नहीं दिखता."

"मालूम है, नहीं दिखता. पर है."

म्हाताऱ्याने बाकीच्यांना बोलावून ती जागा दाखवली. सगळ्यांनी आळीपाळीने तिच्यावरून हात फिरवला. आणि मॅडम, ज्यांना मी तीन वर्षांत कधी हसताना पाहिलं नव्हतं, कमरेवर हात ठेवून, बहिऱ्या माणसाच्या त्या मोठ्या आवाजात, साऱ्या पार्किंगला ऐकू जाईल असं हसत सांगत होत्या, "वो मेरी है. वो गलती मेरी है."